सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदाची २०१८ ची पोटनिवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एड ली यांच्या आकस्मिक निधनाने रिकाम्या झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदासाठी ५ जून २०१८ रोजी मतदान झाले आणि त्यातून लंडन ब्रीड निवडून आल्या. मात्र ली यांच्या निधनापासून ब्रीड यांच्या शपथविधीपर्यंतच्या सात महिन्यांत महापौरांच्या खुर्चीवर आधी ब्रीड, मग मार्क फॅरेल आणि पुन्हा ब्रीड असे तीन बदल झाले. मतदारांनी कौल देण्याआधी ही खुर्ची कोणी सांभाळायची, यावरून झालेला वाद प्रचाराइतकाच तीव्र होता, आणि या निवडणुकीविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्नही त्या वादाशी किंवा मतमोजणीच्या पद्धतीशी संबंधित असतात.

ही निवडणूक मुदतीआधी का घ्यावी लागली?

एड ली यांचे १२ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे वयाच्या ६५ व्या वर्षी निधन झाले. ते सॅन फ्रान्सिस्कोचे पहिले आशियाई वंशाचे महापौर होते. जानेवारी २०११ मध्ये पदावर आल्यानंतर त्यांनी त्याच वर्षीची आणि २०१५ ची अशा दोन निवडणुका जिंकल्या होत्या आणि त्यांची मुदत जानेवारी २०२० पर्यंत होती. पद मध्येच रिकामे झाल्यास पुढच्या नियोजित निवडणुकीत उरलेल्या मुदतीपुरता महापौर निवडावा, असे शहराची सनद सांगते. ती निवडणूक जून २०१८ ची होती. त्यामुळे विजेत्याला पूर्ण चार वर्षे मिळणार नव्हती. जेमतेम दीड वर्षाने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याला पुन्हा मतदारांसमोर जावे लागणार होते.

सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर महाराष्ट्रातील महापौरासारखाच असतो का?

नाही, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या निवडणुकीचे महत्त्व समजणे कठीण आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांमध्ये महापौराची निवड नगरसेवक आपल्यातून अडीच वर्षांसाठी करतात आणि कारभाराचे खरे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. सॅन फ्रान्सिस्कोत महापौराला मतदार थेट निवडतात, आणि आपल्याकडे महापौर व आयुक्त यांच्यात विभागलेले अधिकार तिथे बऱ्याच अंशी एकाच व्यक्तीच्या हाती असतात. अर्थसंकल्प महापौर मांडतात, अनेक खात्यांच्या प्रमुखांची आणि आयोगांच्या सदस्यांची नेमणूक महापौर करतात, आणि विधिमंडळाने संमत केलेला ठराव नकाराधिकार वापरून परतही पाठवू शकतात.

शहराच्या विधिमंडळाचे नाव बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. त्यात ११ प्रभागांतून निवडून आलेले ११ सुपरवायझर असतात. सॅन फ्रान्सिस्को हे १८५६ पासून शहरही आहे आणि काउंटीही, त्यामुळे एरवी अमेरिकेत काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाकडे, असणारी सार्वजनिक आरोग्यासारखी कामेही याच कारभारात येतात. ली यांचे निधन झाले त्या आर्थिक वर्षात शहराचा अर्थसंकल्प १० अब्ज डॉलरच्या वर गेला होता. लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आसपास असलेल्या शहरासाठी हा आकडा किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

महापौरांचे निधन झाल्यावर कारभार कोणाकडे गेला?

सनदेनुसार तो त्याच क्षणी बोर्डाच्या अध्यक्षांकडे गेला. त्या वेळी पाचव्या प्रभागाच्या सुपरवायझर लंडन ब्रीड अध्यक्ष होत्या. त्या कार्यवाहक महापौर झाल्या, पण त्यासाठी त्यांना बोर्डाचे सदस्यत्व किंवा अध्यक्षपद सोडावे लागले नाही. परिणामी काही आठवडे एकच व्यक्ती शहराची कार्यकारी प्रमुख, विधिमंडळाची अध्यक्ष आणि एका प्रभागाची प्रतिनिधी होती. बोर्डाला हवे असल्यास बहुमताने, म्हणजे ११ पैकी किमान सहा मतांनी, वेगळा हंगामी महापौर नेमता येत होता. ते सक्तीचे नव्हते. बोर्ड गप्प राहिले असते, तर ब्रीड जूनपर्यंत कार्यवाहक म्हणून राहिल्या असत्या.

मग बोर्डाने ब्रीड यांना बाजूला का केले?

बोर्डाने २३ जानेवारी २०१८ रोजी दुसऱ्या प्रभागाचे सुपरवायझर मार्क फॅरेल यांची हंगामी महापौर म्हणून ६ विरुद्ध ३ मतांनी निवड केली. ब्रीड आणि फॅरेल या दोघांनी मतदान केले नाही.

हा निर्णय वरवर पाहता कोड्यात टाकणारा होता. फॅरेल हे बोर्डातील मध्यममार्गी गटाचे, उद्योगक्षेत्राशी जवळीक असलेले सदस्य होते; त्यांना मते मिळाली ती मात्र मुख्यतः त्यांच्या राजकीय विरोधकांची, म्हणजे ॲरन पेस्किन, जेन किम, हिलरी रोनेन, नॉर्मन यी आणि सँड्रा ली फ्यूअर या पुरोगामी गटातील सुपरवायझरांची. सहावे मत जेफ शीही यांचे होते. पुरोगामी गटाचा युक्तिवाद असा होता की, जून महिन्यात निवडणूक लढवणाऱ्या व्यक्तीला सहा महिने आधीच महापौराच्या खुर्चीत बसवल्यास तिला विद्यमान महापौर असल्याचा फायदा आपोआप मिळतो, आणि कार्यकारी व विधायी सत्ता एकाच हाती राहणेही योग्य नाही. रोनेन यांनी सभागृहात भावनावश होऊन केलेल्या भाषणात ब्रीड यांच्या पाठीशी असलेल्या धनाढ्य गुंतवणूकदारांच्या प्रभावावर बोट ठेवले.

ब्रीड यांच्या समर्थकांना यातले काहीच पटले नाही. शहराची धुरा सांभाळणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीला, तिच्याकडून कोणतीही चूक झालेली नसताना, पदावरून दूर करून तिच्या जागी एका श्रीमंत वस्तीचे प्रतिनिधित्व करणारा गोरा पुरुष आणला गेला, असे त्यांनी त्या बैठकीत संतापाने सांगितले. शीही वगळता उरलेल्या पाच सदस्यांपैकी किम स्वतः महापौरपदाच्या उमेदवार होत्या, आणि प्रतिस्पर्ध्याचा फायदा काढून घेणाऱ्या ठरावावर त्यांनी मत दिले, ही गोष्टही नजरेआड करण्यासारखी नाही. सत्तेच्या एकत्रीकरणाविषयीचा आक्षेप तत्त्वतः रास्त होता, असे आमचे मत आहे. पण तो मांडणाऱ्यांचा हेतू निव्वळ तात्त्विक होता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

हंगामी महापौराला विद्यमान असल्याचा फायदा खरोखरच मिळतो का?

या शहराचा इतिहास तसे सांगतो, आणि जानेवारीतील बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला तो माहीत होता. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि सुपरवायझर हार्वी मिल्क यांची सिटी हॉलमध्ये हत्या झाली, तेव्हा बोर्डाच्या अध्यक्ष असलेल्या डायॅन फाइनस्टाइन कार्यवाहक महापौर झाल्या. आठवडाभरात बोर्डाने त्यांनाच महापौर म्हणून निवडले. १९७९ आणि १९८३ च्या निवडणुका जिंकून त्या जानेवारी १९८८ पर्यंत पदावर राहिल्या.

दुसरे उदाहरण खुद्द एड ली यांचे. तेव्हाचे महापौर गॅव्हिन न्यूसम २०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, तेव्हा त्यांच्या उरलेल्या मुदतीसाठी बोर्डाने ली यांना नेमले. आपण केवळ मुदत पूर्ण करू, निवडणूक लढवणार नाही, असे ली यांनी त्या वेळी सांगितले होते. ऑगस्टमध्ये त्यांनी विचार बदलला आणि नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले. तोंडी आश्वासनावर विसंबून खुर्ची दिली की काय होते, याचा हा ताजा अनुभव बोर्डाच्या गाठीशी होता.

मग फॅरेल यांनीही तसेच केले असते तर?

जूनपुरते ते शक्य नव्हते. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत ९ जानेवारीला संपली होती आणि फॅरेल यांनी अर्ज भरलेला नव्हता. बोर्डाने मतदान केले ते त्यानंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे २०११ मध्ये शब्दावर सोडलेली गोष्ट या वेळी तारखेने पक्की झाली होती.

उमेदवार कोण होते आणि ते कोणत्या पक्षांचे होते?

मतपत्रिकेवर आठ नावे होती, पण चुरस प्रामुख्याने तिघांत होती. लंडन ब्रीड वेस्टर्न ॲडिशन भागातील सरकारी घरकुल वसाहतीत आजीच्या छायेत वाढल्या होत्या. मार्क लेनो हे कॅलिफोर्नियाच्या सेनेटचे माजी सदस्य होते आणि निवडून आले असते, तर उघडपणे समलैंगिक असलेले शहराचे पहिले महापौर ठरले असते. जेन किम सहाव्या प्रभागाच्या सुपरवायझर होत्या. चौथे परिचित नाव माजी सुपरवायझर अँजेला अलियोटो यांचे. त्यांचे वडील जोसेफ अलियोटो १९६८ ते १९७६ या काळात महापौर होते.

कॅलिफोर्नियात शहरातील पदांच्या निवडणुका पक्षविरहित असतात, त्यामुळे मतपत्रिकेवर पक्षाचे नाव किंवा चिन्ह नसते. वरील चौघेही डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. रिपब्लिकन पक्षाला या शहरात नगण्य आधार असल्याने खरी रेघ डेमोक्रॅटांमधील ‘मध्यममार्गी’ आणि ‘पुरोगामी’ या दोन गटांत ओढली जाते. बाहेरच्या माणसाला हे दोन्ही गट जवळपास सारखेच वाटू शकतात, पण शहरात त्यांच्यातील वैर पिढ्यानपिढ्यांचे आहे.

प्रचारात कोणते मुद्दे गाजले?

घरे आणि बेघर माणसे. बाकी सर्व त्यांच्या मागे. २०१७ च्या गणनेत शहरात सुमारे ७,५०० बेघर लोक आढळले होते आणि घरभाडे देशातील सर्वाधिक भाड्यांपैकी होते. घरांची टंचाई आहे, म्हणून बांधकाम वाढवा, ही ब्रीड यांची भूमिका होती. सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यांजवळ उंच इमारतींना मुभा देणाऱ्या, सेनेटर स्कॉट वीनर यांच्या एसबी ८२७ या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, तर किम यांनी त्याविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. एप्रिलमध्ये ते विधेयक समितीतच पडले, तरी प्रचारातला वाद थांबला नाही. लेनो यांनी २०२० पर्यंत रस्त्यावर राहण्याची वेळ कोणावरही येणार नाही, असे वचन दिले होते. हे वचन पाळणे कोणत्याही महापौराला शक्य झाले असते, असे वाटत नाही.

मतदान कोणाला करता आले? बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि भोवतालच्या शहरांतील, मराठी कुटुंबांना यात भाग घेता आला का?

सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या, १८ वर्षे पूर्ण केलेल्या आणि मतदार म्हणून नोंदणी केलेल्या अमेरिकी नागरिकांनाच हा अधिकार होता. एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्यांना मतदान करता येत नाही, मग ते कितीही वर्षे कर भरत असोत. शिवाय बे एरियातील मराठी वस्ती मोठ्या प्रमाणावर फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे अशा शहरांत आहे. ती स्वतंत्र शहरे आहेत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौराशी त्यांचा निवडणुकीपुरता काहीही संबंध नाही. नोकरीसाठी रोज सॅन फ्रान्सिस्कोत येणाऱ्यालाही तिथे मत नसते.

मतपत्रिका इंग्रजी, चिनी, स्पॅनिश आणि फिलिपिनो या चार भाषांत उपलब्ध होती. यासंबंधी एक गैरसमज आढळतो, तो असा की, सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्यांनाही मतदान करता येते. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या प्रस्तावाने ही मुभा दिली आहे, पण ती केवळ मुलांच्या पालकांना आणि केवळ शाळा मंडळाच्या निवडणुकीत. तिचा वापरही पहिल्यांदा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाला.

पसंतीक्रमाने मतदान म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलेल्यांना ही पद्धत फारशी नवी वाटणार नाही. मतदार एकाच नावासमोर खूण करण्याऐवजी उमेदवारांना पसंतीचे क्रम देतो. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ मध्ये जास्तीत जास्त तीन पसंती देता येत होत्या. त्यानंतर ही मर्यादा दहापर्यंत वाढली.

प्रथम सर्वांच्या पहिल्या पसंतीची मते मोजली जातात. कोणाला निम्म्याहून अधिक मिळाली, तर निकाल तिथेच लागतो. तसे न झाल्यास सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्या उमेदवारांना दिल्या जातात. एखाद्याकडे बहुमत येईपर्यंत असे चालते. शहराच्या मतदारांनी ही पद्धत २००२ मध्ये स्वीकारली आणि ती २००४ पासून वापरात आली. त्याआधी कोणालाच बहुमत न मिळाल्यास पहिल्या दोन उमेदवारांत काही आठवड्यांनी दुसरी लढत होत असे. तो खर्च आणि दुसऱ्या फेरीतील घटलेले मतदान टाळणे, हा बदलामागील मुख्य विचार होता.

लेनो आणि किम यांनी एकमेकांसाठी मते मागितली, हे नियमांत बसते का?

पूर्णपणे बसते. मे महिन्यात या दोघांनी एकत्र येऊन जाहीर केले की, आपल्या समर्थकांनी दुसरी पसंती समोरच्याला द्यावी, आणि तशी संयुक्त जाहिरातही केली. पहिल्या पसंतीत ब्रीड पुढे राहणार, हे उघड होते, आणि दोघांपैकी जो मागे पडेल त्याची मते दुसऱ्याकडे वळली, तरच त्यांना रोखता येणार होते. ब्रीड यांच्या गोटातून याला संधिसाधूपणा म्हटले गेले. आमच्या मते हा आरोप लंगडा आहे, कारण पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली की असे हातमिळवणीचे राजकारण त्यात अभिप्रेतच असते.

निकाल लागायला आठवडाभर का लागला?

मतदानाच्या रात्री पहिल्या पसंतीच्या मतांत ब्रीड स्पष्टपणे पुढे होत्या, पण पसंतीक्रमाची प्राथमिक मोजणी जाहीर झाली तेव्हा लेनो हजारभर मतांनी आघाडीवर दिसले. त्यानंतर हजारो मतपत्रिका मोजायच्या बाकी होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत बहुसंख्य मतदार टपालाने मत देतात, आणि त्या वेळच्या राज्य कायद्यानुसार मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली आणि पुढील तीन दिवसांत पोहोचलेली मतपत्रिका ग्राह्य धरली जाई. प्रत्येक लिफाफ्यावरील सही नोंदणीतील सहीशी ताडून पाहावी लागते. मतदान केंद्रांवर दिलेल्या तात्पुरत्या मतपत्रिकांची छाननी सर्वांत शेवटी होते.

निवडणूक विभाग रोज नवी आकडेवारी देत होता आणि लेनो यांची आघाडी रोज वितळत होती. शनिवारी, ९ जूनला, ब्रीड पुढे गेल्या. १३ जूनला लेनो यांनी पराभव मान्य केला. अंतिम मोजणीत दोघांमधील फरक सुमारे अडीच हजार मतांचा होता. रात्रीत निकाल फिरला म्हणजे गडबड झाली, अशी शंका अशा प्रसंगी हमखास घेतली जाते. इथे निकाल रात्रीत नव्हे तर दिवसाढवळ्या, रोजच्या जाहीर आकड्यांनी फिरला, आणि हरलेल्या उमेदवारानेही त्यावर आक्षेप घेतला नाही.

ब्रीड यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली, असे म्हणता येईल का?

हे कशाला मत म्हणायचे त्यावर अवलंबून आहे. पहिल्या पसंतीत ब्रीड यांना सुमारे ३७ टक्के मते होती. लेनो आणि किम यांना प्रत्येकी पाव हिश्श्याच्या आसपास, तर अलियोटो यांना सुमारे सात टक्के. एकेक उमेदवार बाद होत शेवटी किम बाद झाल्या, तेव्हा त्यांची बहुसंख्य मते ठरल्याप्रमाणे लेनो यांच्याकडे गेली. तरीही अखेरच्या फेरीत ब्रीड यांच्या वाट्याला साडेपन्नास टक्क्यांहून किंचित अधिक मते आली.

मात्र ही टक्केवारी त्या फेरीत शिल्लक राहिलेल्या मतपत्रिकांची आहे. ज्यांनी दिलेल्या सर्व पसंती बाद झालेल्या उमेदवारांच्या होत्या, किंवा ज्यांनी एकच नाव निवडले होते आणि ते बाद झाले, त्यांच्या मतपत्रिका तोपर्यंत मोजणीतून बाहेर पडल्या होत्या, आणि त्यांची संख्या अंतिम फरकाच्या कित्येक पट होती. एकूण वैध मतपत्रिकांच्या हिशेबाने ब्रीड यांचा वाटा निम्म्यापेक्षा कमीच भरतो. किम यांच्या समर्थकांपैकी ज्यांनी दुसरी पसंती रिकामी सोडली, त्यांनी निकालावर केवढा परिणाम केला, याचा हिशेब लेनो यांच्या प्रचारकांनी नंतर नक्कीच केला असेल.

या निवडणुकीसाठी वेगळा खर्च झाला का?

फारसा नाही. त्याच दिवशी राज्यभर गव्हर्नरपदाची प्राथमिक फेरी (अंतिम लढतीचे उमेदवार ठरवणारे मतदान) होती, ज्यातून माजी महापौर न्यूसम पुढे गेले. मतपत्रिकेवर शहराचे अनेक प्रस्तावही होते: घराबाहेर काढण्याचा दावा झालेल्या भाडेकरूंना शहराच्या खर्चाने वकील देणारा प्रस्ताव त्यांपैकी एक, आणि तो मंजूर झाला.

सुपरवायझरांच्या रिकाम्या झालेल्या जागांचे काय झाले?

सुपरवायझरची जागा रिकामी झाल्यास ती भरण्याचा अधिकार महापौराचा असतो, त्यामुळे एका पदावरून सुरू झालेली बदलांची साखळी बरीच लांब गेली. फॅरेल महापौर झाले आणि त्यांनी आपल्या दुसऱ्या प्रभागात कॅथरीन स्टेफनी यांना नेमले. जुलैमध्ये ब्रीड महापौर झाल्या आणि त्यांनी पाचव्या प्रभागात व्हॅली ब्राउन यांना नेमले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्राउन डीन प्रेस्टन यांच्याकडून हरल्या. फॅरेल यांना सहावे मत देणारे शीही हेही मुळात एड ली यांनी नेमलेले होते. ५ जूनच्याच मतदानात आठव्या प्रभागात राफाएल मँडलमन यांनी त्यांचा पराभव केला.

निवडून आल्यानंतर ब्रीड किती काळ महापौर राहिल्या?

त्यांनी ११ जुलै २०१८ रोजी सिटी हॉलमध्ये शपथ घेतली. त्या फाइनस्टाइन यांच्यानंतरच्या दुसऱ्या स्त्री महापौर आणि या पदावर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तुल्यबळ प्रतिस्पर्धी नसल्याने त्या सहज जिंकल्या. पुढची निवडणूक २०२३ मध्ये व्हायची होती, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी महापौरपदाची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी घेण्याचा प्रस्ताव मंजूर केला आणि ब्रीड यांना आणखी एक वर्ष मिळाले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्यासमोर मार्क फॅरेल उभे होते, आणि त्यांच्याबरोबर ॲरन पेस्किन व अहशा सफाई हेही होते. म्हणजे २३ जानेवारी २०१८ रोजी बोर्डाचे सदस्य असलेले चौघे एकाच मतपत्रिकेवर आले. जिंकले मात्र डॅनियल लुरी, ज्यांनी तोवर कोणतेही निवडून आलेले पद भूषवले नव्हते. शेवटच्या फेरीत त्यांनी ब्रीड यांना हरवले. हंगामी महापौर म्हणून निवडले गेलेले फॅरेल पहिल्या पसंतीच्या मतांत चौथे आले.